सहप्रवासातले ‘आम्ही’

मराठी प्रवासवर्णनाचा विचार आपल्याकडे बहुधा स्थळांच्या अंगाने होत आला आहे. लेखक कोठे गेला, किती मुलूख त्याने पाहिला, दिलेली माहिती विश्वसनीय आहे की नाही, आणि ती देताना भाषेत काही लालित्य उतरले आहे की नाही, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की टीकाकार आपले काम संपले असे समजतो. प्रवास कोणी केला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कारण त्याचे उत्तर मुखपृष्ठावर छापलेलेच असते. परंतु जेथे प्रवास दोघांनी केला आणि पुस्तक एकाने लिहिले, तेथे हे उत्तर वाटते तितके सरळ नाही. पती-पत्नी बरोबर निघतात, एकाच डब्यात बसतात, एकाच खिडकीतून बाहेर पाहतात. लिहिताना मात्र त्या दोन दृष्टींचे एक ‘आम्ही’ होते. हे ‘आम्ही’ कोणाचे, आणि त्यात कोण किती आहे, याचा थोडा शोध घ्यावा असे आमच्या मनात बरेच दिवस होते. (हे लिहिणारे ‘आम्ही’ एकटेच आहोत, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे. टीकाकाराचे अनेकवचन ही एक जुनी खोड आहे, आणि प्रस्तुत विषयात ती अडचणीचीही आहे.)

या विचाराला निमित्त झाले ते एका वहीचे. सुरत शहराच्या आग्नेय अंगास डिंडोली नावाची वस्ती आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या तिच्या आसपासच्या वस्त्यांप्रमाणेच येथेही खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. माग, कापडाच्या गिरण्या, रंगाई-छपाईचे कारखाने, भरतकामाची यंत्रे यांनी त्यांना येथे आणले, आणि उधना जंक्शनपासून फुटणाऱ्या ताप्ती लोहमार्गाने त्यांचे गावाशी असलेले नाते टिकवून धरले. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव ही या मार्गावरील स्थानके म्हणजे डिंडोलीतील घराघरांचे माहेर आणि सासर होय. येथील एका तरुण दांपत्याने दिवाळीच्या सुट्टीत दोन प्रवास केले आणि दोन्ही एकाच शंभर पानी वहीत लिहून ठेवले. ती वही त्यांनी आम्हांस वाचावयास दिली. पहिला प्रवास पाच दिवसांचा, शारजा आणि दुबई येथला. दुसरा त्याहून थोडा मोठा, अमळनेर तालुक्यातील पत्नीच्या माहेरचा आणि तेथून नंदुरबारकडील पतीच्या घरचा. नावे देण्याचे कारण नाही. वही छापण्यासाठी लिहिलेली नाही, आणि तिच्यात वाङ्मयीन गुण शोधण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. पण तिने आमच्या डोळ्यांपुढे जे आणले, ते पुष्कळ छापील पुस्तकांनी आणले नव्हते.

सुरतेची दिवाळी ही पंचांगाइतकीच मागाची दिवाळी असते, हे बाहेरच्या वाचकास सांगावयास हवे. लक्ष्मीपूजन झाले की कापडबाजार बंद होतो, तो लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतो. मागांचे कारखाने कित्येकदा त्याहूनही अधिक दिवस थंड राहतात. वर्षातून एकदाच एवढी सलग सुट्टी मिळते, आणि म्हणून साऱ्या शहराचे येणे-जाणे त्याच पंधरवड्यात होते. ज्यांच्यापाशी चार पैसे आहेत ते सहलीला जातात, बाकीचे गावी जातात. या दांपत्याने दोन्ही केले. सुरतेच्या विमानतळावरून २०१९ पासून शारजास विमान जाऊ लागले, त्यामुळे परदेशगमनासाठी मुंबई गाठण्याचीही गरज उरली नाही. ज्या बंदरातून एके काळी मक्केचे यात्रेकरू गलबतांत बसत, त्या शहरातून अरबी भूमीकडे जाण्याचा हा मार्ग नवा आहे आणि जुनाही आहे. वहीत याचा उल्लेख नाही, आणि तो नसणे स्वाभाविकच आहे.

वहीतील परदेशाचा भाग पतीच्या अक्षरात आहे. गावाकडचा भाग पत्नीच्या. परदेशाच्या भागात आरंभापासून शेवटपर्यंत ‘आम्ही’ आहे: आम्ही उतरलो, आम्ही पाहिले, आम्हांला फार आनंद झाला. बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर आहे हे त्यात आहे, ती इमारत २०१० साली खुली झाली हेही आहे. वाळवंटातील मोटारीच्या फेरीने ‘आम्हांला’ अवर्णनीय मौज वाटली, असेही आहे. पण या पानांच्या समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात पत्नीने काही नोंदी केल्या आहेत. मौजेच्या वाक्यापुढे तिने लिहिले आहे की ह्यांना मोटारीत उलटी झाली आणि मग सारा वेळ आपण त्यांचे डोके धरून बसलो होतो. उंचीच्या आकड्यापुढे तिने लिहिले आहे की वर जाण्यासाठी लागलेल्या पैशांत आईच्या दोन्ही डोळ्यांचे चष्मे झाले असते. आणि लगेच खाली, तरीही वर गेल्याचा पश्चात्ताप होत नाही. या दोन नोंदींनी त्या पानावरील ‘आम्ही’ दुभंगले, आणि दुभंगताच जिवंत झाले.

मराठी भाषेत उत्तमपुरुषाचे अनेकवचन दोन प्रकारचे आहे, हे शाळेत शिकविणाऱ्यांना सांगावयास नको. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे, म्हणून डिंडोलीतील मराठी माणसाची ही जाणीव दोन्ही भाषांत जागी राहते. हिंदीत तो भेद नाही. मराठीचे व्याकरण १८३६ साली सिद्ध करणारे दादोबा पांडुरंग पुढे सुरतेस शिक्षक म्हणून राहिले आणि १८४४ साली येथे मानवधर्म सभा स्थापन करणाऱ्यांत ते होते, हा योगायोगही येथे आठवतो. परंतु व्याकरण येथेच थांबते. ‘आम्ही’ या शब्दाच्या आत जे दोघे असतात त्यांच्यातील अंतर किती, हे सांगण्याची सोय व्याकरणात नाही. ते काम वाङ्मयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकातील आपले सर्वांत प्रसिद्ध प्रवासी दांपत्य बरोबर निघालेच नाही, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्याविषयी आपल्याला इतके कळते. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीस होते. अलिबाग, कोल्हापूर, कच्छातील भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा त्यांच्या बदल्यांच्या मागोमाग आनंदीबाईंचे बालपण आणि शिक्षण फरफटत गेले. हा प्रवास दोघांचा होता, पण त्याचा मार्ग एकट्याने ठरविलेला होता. मग ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या त्या एकट्या. तेथून पुढचा त्यांचा संसार पत्रांत चालला. पत्रात ‘आम्ही’ला जागा नसते, तेथे ‘मी’ आणि ‘तुम्ही’ असतात. या दोन सर्वनामांच्या मध्ये सात समुद्र पडले तेव्हा आनंदीबाईंना जे लिहिता आले, ते एका छपराखाली बोलता आले असते की नाही याची आम्हांस शंका आहे. लहानपणी पतीच्या हातून सोसलेल्या मारहाणीविषयी त्या पत्रात स्पष्ट लिहितात, आणि त्याच पतीविषयीची कृतज्ञताही लपवीत नाहीत. नऊवारीने पाय उघडे राहतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसण्यासारखा बारीक प्रश्नही त्या पत्रव्यवहारात विचारार्थ येतो. एका वस्त्राची निरी कोणत्या बाजूस घालावी यासाठी पेनसिल्व्हेनियातून बंगालकडे पत्र जावे, यात त्या काळच्या दांपत्याचे सारे चित्र आहे. पुढे गोपाळराव अमेरिकेस पोहोचले, ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभास ते उपस्थित होते, आणि त्याच वर्षी दोघे बरोबर परतले. तो परतीचा प्रवास हाच त्यांचा परदेशातील खरा सहप्रवास. पण तेव्हा आनंदीबाई क्षयाने खंगल्या होत्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ही पत्रे मराठी वाचकांपुढे आली. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने ती कथा घरोघर नेली. कादंबरीचे यश मोठे आहे यात शंका नाही. पण कादंबरीच्या नावातच दोघे एका जोडशब्दात बसले आहेत, आणि पत्रांतील ‘मी’ पुन्हा एकदा ‘आम्ही’त विरघळला आहे, असे आम्हांस ती वाचताना दर वेळी वाटते.

रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाचे नावच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) असे आहे. आठवणी पत्नीच्या, पण आयुष्य ‘आमचे’. न्यायमूर्तींच्या नोकरीमुळे त्यांना फिरावे फार लागले. दख्खनच्या शेतकरी कायद्याच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे झाले, १८८६ साली वित्तसमितीच्या निमित्ताने सिमला आणि कलकत्ता येथे मुक्काम झाला. या साऱ्या प्रवासांत रमाबाई बरोबर होत्या. आणि तरीही त्या स्वतःला फार थोडी जागा घेतात. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, म्हणून त्या रानड्यांचा निर्देश ‘स्वतः’ या शब्दाने करतात. पुढे १९३८ मध्ये कॅथरीन गेट्स यांनी इंग्रजी भाषांतर केले तेव्हा त्यांनी हाच शब्द उचलून पुस्तकाचे नाव केले. जो शब्द प्रत्येकाने आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो, तो शब्द या लेखिकेने दुसऱ्यास देऊन टाकला! मराठी गद्यात सर्वनामाचा याहून विलक्षण उपयोग आमच्या पाहण्यात नाही. पण वाचकाने सावधपणे वाचले तर त्याला दिसते की, पाहणारे डोळे सर्वत्र रमाबाईंचे आहेत. कलकत्त्यास रानडे बंगाली शिकत आणि दाढी करावयास आलेल्या न्हाव्याकडून शब्द विचारून घेत, हा प्रसंग घ्या. रानड्यांना तो प्रसंग सांगता आला नसता, कारण त्यात हसण्यासारखे काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. दाराआडून ऐकणाऱ्या पत्नीला ते दिसले, आणि तिने गुरूची थट्टाही केली. ‘आम्ही’च्या आत दबलेला ‘मी’ विनोदाच्या फटीतून असा बाहेर येतो.

नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांच्या १९१५ मधील पुस्तकाचे नावही ‘आमचा जगाचा प्रवास’ असेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रवासवर्णन म्हणून कोणी गणत नाही. पण टिळकांच्या पायाला असलेली भिंगरी आणि तिच्यामागे होणारी लक्ष्मीबाईंची फरपट हाच त्या ग्रंथाचा कणा आहे. तेथे ‘आम्ही’ म्हणण्याची चैनच लेखिकेला परवडत नाही. टिळक कोठे आहेत हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

आता पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’कडे यावयास हवे, कारण सहकुटुंब परदेशप्रवासाचा जो नमुना मराठी मध्यमवर्गाच्या मनात ठसला आहे तो १९६० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने घालून दिला. त्यापूर्वी अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाने प्रवासवर्णनास माहितीच्या ओझ्यातून सोडविले होते, पण तो एकट्याचा प्रवास होता. देशपांडे बी.बी.सी.मधील प्रशिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडला गेले ते पत्नीसह. ‘अपूर्वाई’च्या गुणांविषयी एवढे लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही, आणि ते पुस्तक आम्ही आजही आनंदाने वाचतो. आमचा मुद्दा निराळा आहे. या पुस्तकातील ‘आम्ही’ पाहता पाहता ‘आपण’ होते. लेखक पत्नीबरोबर लंडनच्या रस्त्यावर उभा असतो, पण त्याचे बोलणे चाललेले असते ते गिरगावातल्या, पार्ल्यातल्या, सदाशिव पेठेतल्या वाचकाशी. परदेशात भांबावणारा, भारावणारा, घरच्या चहासाठी झुरणारा हा माणूस म्हणजे आपणच, असे वाचकाला वाटत राहते, आणि हीच त्या पुस्तकाची किमया आहे. परंतु वाचक ज्या दारातून आत येतो, त्याच दारातून सहप्रवासिनी नकळत बाहेर जाते. ती पुस्तकात नाही असे नव्हे. ती आहे, तिच्यावर कोट्या आहेत, तिच्या व्यवहारचातुर्याविषयी खरा आदर आहे. पण तिने लंडनमध्ये काय पाहिले, हे आपल्याला कळत नाही. तिला पाहणाऱ्याने ती कशी पाहिली, एवढेच कळते.

हा दोष दाखविताना आम्ही संकोचतो, कारण विनोदी निवेदनाची रीतच अशी आहे आणि तिच्याकडून दुसरे काही मागणे म्हणजे आंब्याच्या झाडाकडे चिंचा मागण्यासारखे आहे. तरीही १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले तेव्हा महाराष्ट्रात जी खळबळ उडाली, तिचे एक कारण येथे सापडते असे आम्हांस वाटते. वाचकाने तीस वर्षे त्या ‘आम्ही’त स्वतःची जागा धरून ठेवली होती. तेथे मुळात कोणी दुसरे बसलेले होते, आणि त्या व्यक्तीला स्वतःची स्मरणशक्ती, स्वतःचे हिशेब, स्वतःचे रुसवे होते, हे कळल्यावर तो दचकला. कित्येकांनी हा घरातील भेद बाहेर काढणे होय अशी तक्रार केली. तक्रार वाङ्मयीन नव्हती. आपल्या खुर्चीवरून उठविले गेल्याची ती तक्रार होती. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, आणि अभ्यासक्रमात एखादे नेमावयाचे असेल तर दोन्ही नेमावीत, असे आमचे मत आहे. ते कोणत्या अभ्यासमंडळास पटेल याची मात्र आम्हांस खात्री नाही.

नंतरच्या काळात मीना प्रभूंनी ‘माझं लंडन’ असे नाव दिले. ‘आमच्या’पासून ‘माझं’पर्यंतचे हे अंतर काही लहान नाही, आणि बाईने प्रवासवर्णनाच्या मुखपृष्ठावर एकवचन छापावे याचे स्वागतच केले पाहिजे. पण एकवचनाने प्रश्न सुटतो असे नाही; तो टळतो. दोघे बरोबर असण्याचा जो विशिष्ट अनुभव आहे, एकाला दिसलेले दुसऱ्याला दाखविण्याची घाई, न पटलेले मुकाट्याने सोडून देणे, परक्या मुलुखात एकमेकांवर ओरडून नंतर हसणे, तो अनुभव ‘माझं’मध्येही येत नाही.

तो डिंडोलीच्या वहीतील समासात आला आहे, असे म्हटले तर वाचक आम्हांस हसतील. म्हणून वहीच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, जेथे समासाची गरजच पडलेली नाही.

हा भाग भाऊबीजेच्या आदल्या रात्री उधन्याच्या फलाटावर सुरू होतो. दुबईच्या विमानात मिळालेल्या आसनांविषयी पतीने दीड ओळ लिहिली होती. येथे पत्नीने गाडीत जागा मिळविण्याच्या खटपटीस साडेतीन पाने दिली आहेत, आणि त्यांतील एकही ओळ काढून टाकण्यासारखी नाही. कोणाच्या मांडीवर कोणाचे मूल आले, कोणाच्या डब्यातील चिवडा कोणापर्यंत गेला, दुबईहून आणलेले खजूर वाटून संपतील म्हणून ती पिशवी कशी पायाखाली दडवली, आणि शेवटी एका म्हातारीने ती कशी हुंगून काढली, हे सारे त्यात आहे. येथे कोठेही ‘आम्ही’ नाही. ‘मी’ आहे, ‘हे’ आहेत, आणि मधूनच डब्यातील सर्वांना पोटात घेणारे ‘आपण’ आहे. नवापूरचे स्थानक येते. हे स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, तेथे घोषणा चार भाषांतून होतात, हे बहुश्रुत आहे. आमच्यासारख्याने त्यावर १ मे १९६० पासूनचा राज्यनिर्मितीचा इतिहास सांगितला असता. लेखिकेने एवढेच लिहिले आहे की मराठीतील घोषणा ऐकताच डब्यातील झोपलेल्या बायका उठून केस सारखे करू लागल्या.

अमळनेर हे साने गुरुजींच्या शिक्षकी जीवनाचे गाव. तेथे उतरून पुढे एस.टी.ने माहेरी जाताना तिला गुरुजींची आठवण होते असे वहीत नाही, आणि नाही हेच चांगले; आम्ही शिक्षक मंडळी असतो तर केली असती. वहीत आहे ते घर. कार्तिकातील भरिताच्या वांग्यांचा, ती भाजण्यासाठी पेटविलेल्या कपाशीच्या काड्यांचा वास आहे. कापसाची वेचणी चालू आहे, आणि वेचणीस बाया मिळत नाहीत म्हणून वडील चिंतेत आहेत. सुरतेत दिवसरात्र कृत्रिम धाग्याचे कापड मोजणारा जावई कापसाच्या ढिगावर हात ठेवून उभा राहतो, आणि सासरे त्याला बोंड कसे ओळखावे ते शिकवितात. या प्रसंगास लेखिकेने कोणताही अर्थ चिकटविलेला नाही. ती पुढे भावाला ओवाळण्याकडे वळते.

येथे भाषाही बदलते. परदेशाची पाने पाठ्यपुस्तकी मराठीत आहेत. वर्तमानपत्रांतून सहलवृत्तांत वाचून वाचून जी एक गुळगुळीत भाषा तयार झाली आहे, तीच तेथे आहे: निसर्गरम्य, नयनरम्य, अविस्मरणीय. गावच्या पानांत मात्र अहिराणी शब्द न विचारता आत येतात. आई तिला ‘आंडेर’ म्हणून हाक मारते, आखाजीला येणार की नाही ते आत्ताच सांग म्हणते, श्रावणात कानबाईच्या रोटांना सारी भाऊबंदकी जमते तेव्हा तरी जावयाला सुट्टी मिळेल का विचारते. या शब्दांपुढे लेखिकेने कंसात अर्थ दिलेले नाहीत. वाचणारा कोण असणार, हे तिने धरून चालले आहे.

यावर एक आक्षेप आम्हांस आमच्याच एका मित्राने घेतला. ते म्हणाले, तुम्ही गावाकडच्या आठवणीला प्रवासवर्णन म्हणता; प्रवासवर्णनाचे मर्म अपरिचिताच्या दर्शनात आहे, आणि माहेर तर सर्वांत परिचित. आक्षेप वजनदार आहे. आपल्या परंपरेत अशा लेखनास ललित निबंधाच्या किंवा आठवणींच्या दालनात जागा दिली गेली, आणि आजोळच्या सुट्टीचा विषय तर आपण बालवाङ्मयाकडे सोपवून मोकळे झालो. पण डिंडोलीहून पाहिले तर परिचित-अपरिचिताची ही विभागणी टिकत नाही. या दांपत्यापैकी पतीचा जन्म सुरतेचा. तो मराठी माध्यमाच्या शाळेत शिकला. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा अनेक माध्यमांतून चालतात, आणि त्यांतील मराठी शाळांनी खानदेशातून आलेल्या दोन पिढ्या लिहित्या केल्या. त्याला दुबईत काहीच अपरिचित वाटले नाही: रस्ते चित्रांत पाहिलेले, दुकाने सुरतेतल्यासारखी, दुकानदार हिंदी बोलणारे. उलट नंदुरबारकडील स्वतःच्या आजोबांच्या घरी, धान्याच्या कोठीपाशी, चुलत्यांच्या बोलण्यातील अर्धे शब्द न कळून तो गोंधळला. हे त्याने स्वतः लिहिलेले नाही. पत्नीने लिहिले आहे, आणि ती हसली असेही लिहिले आहे. मग परदेश कोणता? ज्या ठिकाणी मनुष्याला आपली भाषा अपुरी पडते ते ठिकाण परके असेल, तर या वहीतील खरे परदेशवर्णन दुसऱ्या भागात आहे.

आणि हेही नमूद केले पाहिजे की, ज्या प्रवासाचे साचे आपण टीकाकारांनी आणि संपादकांनी घडवून ठेवले आहेत, तो प्रवास लिहिताना एका बुद्धिमान तरुणाचा हात आखडला. ज्याचा साचा नव्हता, तो लिहिताना दुसरा हात मोकळा सुटला. सहलीचे वृत्तान्त मागवून छापणाऱ्या पुरवण्या आणि विशेषांक दर उन्हाळ्यात निघतात. त्यांतून जे लेखन येते ते एकमेकांची नक्कल असते, आणि त्याचा दोष सर्वस्वी लिहिणाऱ्यांचा नाही. उंची, लांबी, खर्च आणि आनंद एवढेच लिहावयाचे असते, हे त्यांना आम्हीच शिकविले. भाऊबीजेस माहेरी गेल्याचा वृत्तान्त पाठवा, असे कोणी कोणास कधी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दोघांच्या लेखनात पत्नीचे सरस म्हणून पतीचे टाकाऊ, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. वाळवंटाच्या पानावर, उलटीच्या नोंदीखाली, पतीने पुन्हा निळ्या शाईने दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यांत तो कबूल करतो की उलटी झाली होती हे खरे. पण हॉटेलात परतल्यावर हिने आपल्याला हे गावी कोणाला सांगणार नाही असे वचन दिले होते, आणि ती पहिल्याच रात्री आईला सांगून बसली. त्यापुढे पत्नीने पेन्सिलीने फक्त एक टिंब काढले आहे. ते उत्तर आहे, की उत्तर देण्याचा विचार करून हात थांबला, हे आम्हांस ठरविता आले नाही. रमाबाईंच्या ‘स्वतः’पासून हे टिंब फार दूर आहे, आणि तरी त्याच रस्त्यावर आहे.

परदेशाचा भाग एका दिवाळी अंकासाठी द्यावा असे त्या तरुणाच्या मनात आहे, आणि त्यासाठी त्याने आमचा अभिप्राय मागितला होता. आम्ही त्याला कळविले की केवळ तो भाग देऊ नये, वही आहे तशी द्यावी, समासासकट. काही दिवसांनी पत्नीचा निरोप आला. समासातले छापावयाचे असेल तर ती ते शाईने, नीट, शुद्धलेखन तपासून पुन्हा लिहून देईल. तसे करू नये, एवढे आम्ही तिला कळविले आहे.